हिरवा डोंगर, वाहतं पाणी

बोलता बोलता इनसुक थांबली.

चॉपस्टिक्सच्या टोकाला भाजलेल्या बांगड्याचा तुकडा होता, समोर दिवे होते आणि तोंडातलं वाक्य अर्ध्यावर होतं. "शोधा, मी म्हणते एक तरी काटा शोधून दाखवा, सोलमधल्या कुठल्याही आईनं..." इथवर ती आली होती. पुढचे शब्द तिला शोधावे लागत नसत. टीव्हीवर माल विकण्याच्या या कामात ती इतकी वर्षं होती की जिभेला पुढची वाट ठाऊक असे आणि मन मागून आपलं आपलं चालत येई. कॅमेऱ्याच्या खाली एक छोटा पडदा होता. त्यावर बघणाऱ्या लोकांचे निरोप खालून वर सरकत. मागच्या खेपेचा मासा चांगला होता. सासूबाईंना खारट लागला. माझं पाकीट अजून आलं नाही. अर्धा डोळा त्यावर ठेवून, त्यातलाच एखादा निरोप उचलून बोलण्यात गुंफायचा, ही तिची खासियत होती. तसाच तिनं डोळा टाकला आणि मधेच एक ओळ वाचली. "लेक अगदी बापावर गेली. छंगसान्यूसू." ओळ वर सरकली आणि दिसेनाशी झाली.

कानातल्या यंत्रातून हेरिनचा आवाज आला. हेरिन म्हणजे कार्यक्रमाची निर्माती, इनसुकपेक्षा वीसेक वर्षांनी लहान. "ताई? ताई, बोला. काहीही बोला." इनसुकला ऐकू येत होतं. बोलायचं नाही असंही तिनं ठरवलं नव्हतं. फक्त तोंडात काही नव्हतं. जीभ टाळूला लागून स्वस्थ पडली होती, आणि ती स्वस्थता तिला, हे तिला नंतर आठवून नवल वाटलं, सुखाची वाटली. दमून घरी आल्यावर दाराशीच बूट न काढता खाली बसावं तशी. मग कुणीतरी पडद्यावर माशाचं चित्र टाकलं, संगीत मोठं केलं, आणि त्या आडोशाला तिची जीभ पुन्हा सुरू झाली. काय बोलली ते तिला कळलं नाही. माल मात्र विकला गेला.

रंग पुसायच्या खोलीत हेरिन धावत आली. "बरं वाटत नाहीय का? तुम्ही गप्प बसलात? तुम्ही? आत सगळ्यांना वाटलं आवाजच गेला. सगळे मशीन बघायला लागले ताई, वायरी काढून बघितल्या. तुमच्याबद्दल कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही." इनसुक हसली. हेरिन हसली नाही. थोड्या वेळानं वरून निरोप आला की काही दिवस विश्रांती घ्या, सकाळच्या वेळा नव्या मुलीकडे देऊ. त्याचा अर्थ या धंद्यात सगळ्यांना कळतो. इनसुकनं स्वतःला चाचपून पाहिलं, कुठे दुखतंय का. तिला फक्त घसा कोरडा झाल्याचं जाणवलं.

घरी येऊन तिनं नासपतीचा गरम काढा केला आणि खिडकीशी बसली. तो शब्द कुणी लिहिला असेल? देशात चार माणसं जमली की एकजण गोड बोलणारा असतो आणि दुसरा त्याला हा शब्द चिकटवतो. निवडणुकीत उभा राहणारा पुढारी छंगसान्यूसू. विमा विकणारा छंगसान्यूसू. सोलमध्ये तो उच्चारताना ओठाचा एक कोपरा वर जातो, म्हणजे बोलतोय छान, पण खिसा सांभाळा. तिच्या नवऱ्यानं, तो नवरा होता तेव्हा, एकदा शांतपणे म्हटलं होतं, "तुझ्याशी भांडताही येत नाही. माझी बाजूसुद्धा तूच बोलून टाकतेस." तेव्हाही त्याच्या तोंडात हाच शब्द आला होता, आणि ओठाचा कोपरा वर गेला होता. पण आजच्या ओळीत बाप होता. बापाला या शब्दानं ओळखणारी माणसं मोजकीच होती, आणि ती सगळी एका गावची होती, आणि ते गाव पाण्याखाली होतं.

लहानपणी इनसुकला वाटायचं की हा शब्द त्यांच्या गावातच जन्मला. सेमगोल नावाचं ते गाव छुंगछॉंग प्रांतातल्या एका अरुंद खोऱ्यात होतं. मागे डोंगर, पुढे ओढा. मास्तरांनी फळ्यावर चार चिनी अक्षरं काढून दाखवली. पहिलं हिरवं, किंवा निळं म्हणा, त्या अक्षराला दोन्ही चालतं. दुसरं डोंगर. तिसरं वाहणं. चौथं पाणी. हिरवा डोंगर, वाहतं पाणी. मास्तर म्हणाले, पाणी डोंगरावरून येताना कुणाला वाट विचारत नाही, अडत नाही, तसं ज्याचं बोलणं, तो छंगसान्यूसू. सगळी पोरं वळून इनसुककडे बघायला लागली, कारण गावात तसं बोलणारा एकच माणूस होता आणि तो तिचा बाप होता. तिनं खिडकीतून बाहेर बघितलं. डोंगर होता, पाणी होतं. आता यात शंका कसली? कुणीतरी या खिडकीत बसून बाबांचं बोलणं ऐकलं असणार आणि बाहेर बघून शब्द केला असणार. पुढे सोलला आल्यावर सगळेच तो वापरतात हे कळलं, तेव्हा आपल्या परड्यातली वस्तू परक्याच्या घरात दिसावी तसं तिला वाटलं.

त्या प्रांतातली माणसं सावकाश बोलतात. नुसती सावकाश नाही, आडून बोलतात. जेवायचा आग्रह केला की पहिल्यांदा नाही म्हणतात, दुसऱ्यांदाही नाही, तिसऱ्यांदा "बघू कीऽ" म्हणतात आणि बसतात. हवं आहे असं कुणी म्हणत नाही. नको आहे असंही म्हणत नाही. बैल विकायला आलेला माणूस हवापाण्याच्या गप्पा मारून बैल परत घेऊन जाईल, पण विकायचा आहे हे तोंडातून काढणार नाही. अशा माणसांत इनसुकचा बाप चोंगग्यू म्हणजे साऱ्या गावाची जीभ. प्यो घराण्यातला हा एकुलता मुलगा, हाडापेरानं बारीक, पण तोंड उघडलं की माणसं कुदळी टेकवून ऐकत. गुरांच्या बाजारात त्याला सोबत नेत. भावाभावांत वाटणी होताना त्याला बसवत. मुलगी बघायला जाताना मुलाच्या बापाऐवजी तोच बोले. गावातल्याच मानहोचं लग्न त्यानंच बोलून जमवलं. मानहो स्वतः तिथे गुडघ्यांवर हात ठेवून, मान खाली घालून बसला होता म्हणे, आणि निघताना मुलीच्या आईनं विचारलं की नवरामुलगा मुका तर नाही ना? इनसुकला बापानंच वक्तृत्व शिकवलं. मुठी आवळून, पाय रोवून, शाळेच्या पटांगणावर, "ही वक्ता पूर्ण ताकदीनं ओरडून सांगते!" असं ती ओरडायची आणि आवाज डोंगरावर आपटून परत यायचा. बाप म्हणायचा, "ओरडू नकोस एवढं. आत जे आहे ना, त्याला नुसतं दार उघडून दे."

मग धरणाची बातमी आली. गावातल्या बैठकीची इनसुकला जेवढी आठवण होती तेवढीच होती. ती दाराच्या फटीतून बघत होती. पुरुष जमिनीवर बसले होते, विड्या ओढत होते, कुणी बोलत नव्हतं. धूर दिव्याखाली साचला होता. वरून, सरकारकडून आलेला माणूस कपाळ पुसत होता. मग बाबा उभे राहिले आणि बोलायला लागले. शब्द तिला आठवत नव्हते, फक्त त्यांचा प्रवाह आठवत होता, आणि हळूहळू खाली गेलेल्या माना. बोलणं संपल्यावर एकेकानं कमरेच्या पिशवीतून शिक्का काढला आणि संमतीच्या कागदावर उठवला. बाहेर कुणीतरी म्हातारी रडत होती. दोन उन्हाळ्यांनी पाणी चढलं. सगळे पांगले. प्यो कुटुंब जेछॉन शहरात आलं. चोंगग्यू एका लोखंडी सामानाच्या दुकानात नोकरीला लागला. पुढे कुणाच्या तरी लग्नात गावकरी भेटले, प्यायले, आणि एकजण कप आपटून म्हणाला, "काय ती जीभ! छंगसान्यूसू! डोंगर राहिला, पाणीबी राहिलं, मधलं गाव तेवढं गेलं." सगळे हसले. इनसुकही हसली, ती लहान होती. बाप हसला नाही, रागावलाही नाही. त्यानं बूट घातले आणि तो त्या घोळक्यात पुन्हा कधी गेला नाही. घरातही हं, नाही, वाढ, पुरे, एवढ्यावर त्याचं भागायला लागलं. त्या घरातली शांतता इनसुकला सहन होईना. मग तीच बोलायला लागली. आईशी बोलायची, बापाशी बोलायची, दोघांच्या वतीनं एकमेकांशी बोलायची. कधी कधी तिला वाटे, आपला धंदा इथेच सुरू झाला.

फोन वाजला तेव्हा ती तशीच बसलेली होती. गावकऱ्यांच्या मंडळाचा अध्यक्ष, तोच मानहो, दर वर्षी शरदात धरणाच्या तलावाकाठी बुडालेल्या गावाच्या नावानं नैवेद्य ठेवला जाई त्याच्या आधी तिला फोन करत असे. म्हणजे तो बोलावत असे, असं म्हणणं कठीण होतं.

"इनसुक का गं? मी मानहोकाका. हवा गार झाली नाऽ इकडे. तिकडे कशीय?"

"इकडेही झाली, काका."

"हं. तुला वेळ कुठला असणार म्हणा. टीव्हीवालं माणूस. इकडे आपलं दर वर्षीचंच. मागच्या वर्षी गावातल्या एकाच्या पोरानं माइक धरला, अर्धं बोलणं वाऱ्यानं नेलं. असो. कुणी बोलणारं असलं तर बरं असतं, नसलं तरी काय, होतंच."

दर वर्षी इथे इनसुक म्हणे, पुढच्या वर्षी नक्की. आज ती म्हणाली, "येते मी."

"अं? येतेस?" मग, "बाबा... म्हणजे त्यांचं काय, या वयात गाडी लागते, गुडघे दुखतात. मी आपला विचारतोय असं नाही."

"विचारते त्यांना," ती म्हणाली. कुणाच्या मनातलं त्याच्याऐवजी बोलणं हेच तर तिचं काम होतं.

जेछॉनच्या त्या छोट्या सदनिकेत आई गेल्यापासून काहीही बदललं नव्हतं. गरम फरशी, भिंतीला टेकवलेलं घडीचं टेबल, त्यावर सातूचा चहा. बाप तिच्या वाटीत मुरलेल्या कोबीची किमची वाढत होता, आपल्या वाटीतली मोठी पानं निवडून. त्यानं टीव्ही बंद ठेवला होता. तो तिचे कार्यक्रम बघतो की नाही हे तिला कधी कळलं नाही. तिनं सगळं सांगितलं, सुट्टीचं, मानहोचं, फक्त त्या ओळीचं सांगितलं नाही. सांगताना तिला आपला आवाज ऐकू येत होता, चढ कुठे, उतार कुठे, कुठे श्वास. बापासमोरही तो तसाच येत होता. ती थांबली.

"दमलीस," बाप म्हणाला.

"हो."

"तू जा. मी काय करू तिथं?"

तिनं दुसऱ्यांदा विचारलं नाही. त्या प्रांतातली असून आग्रहाची रीत ती विसरली होती, किंवा तिच्यात त्राणच नव्हतं. ती आईच्या जुन्या गादीवर आडवी झाली. बाजूच्या खोलीत बाप कपाट उघडत होता, बंद करत होता. सकाळी ती बूट घालायला दाराशी गेली तर तो लिफ्टपाशी उभा होता. अंगात आईच्या अंत्यविधीला घातलेला काळा कोट, हातात नासपतींची जाळी. "रिकाम्या हातानं कसं जायचं?" एवढंच तो म्हणाला.

तलाव भरलेला होता. काठावरच्या टेकाडावर बुडालेल्या गावांची नावं कोरलेला दगड होता, त्याच्यापुढे टेबल मांडलं होतं, तांदळाच्या वड्या, खजूर, सुका मासा, माक्कोली नावाच्या तांदळाच्या दारूच्या बाटल्या. माणसं थोडी होती आणि म्हातारी होती. काही जण पाण्याकडे बोट दाखवून वाद घालत होते, माझं घर त्या होडीच्या खाली, छे, तुझं घर आणखी डावीकडे, तिथं तर आमचा गोठा. चोंगग्यूला बघून बोटं खाली आली. कुणी पुढे आलं नाही, कुणी तोंडही फिरवलं नाही. नासपतींची जाळी हातात धरून तो वाकून नमस्कार करत उभा राहिला. मानहो पुढे आला. केस पांढरे, पाय फाकवून चालणं. त्यानं जाळी घेतली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं, पण त्यांच्या त्या ढिल्या सुरात म्हणाला, "आले म्हणायचे प्यो साहेब. आज काय बुडवायचं ठेवलंय?"

दोघंतिघं हसले. बाप म्हणाला, "गुडघे कसे आहेत तुझे?" मानहो म्हणाला, "आहेत," आणि नासपती टेबलावर रचायला लागला.

इनसुकनं माइक हातात घेतला. वारा होता, पण वाऱ्याशी कसं बोलायचं ते तिला येत होतं. तिनं सुरुवात केली आणि तोंडातून सगळं बरोबर यायला लागलं, आजोबांचे वाडगे, आजींची परडी, ओढ्यातले गोटे, ज्यांना गाव बघायला पाणी उतरायची वाट बघावी लागते अशी आपण माणसं. एक बाई डोळे पुसू लागली. ते बघताच इनसुकची जीभ आपोआप त्या बाईकडे वळली, आवाज आणखी थोडा खाली उतरला, जसा तो शेवटची काही पाकिटं उरली की उतरतो. तिला ते कळलं. त्याच सुरात, त्याच श्वासानं. तिनं वाक्य कसंबसं संपवलं, माइक टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "आता नमस्कार करूया." सगळे ओळीनं वाकले. कपाळ चटईला लागलं तेव्हा तिथंच राहावं असं तिला वाटलं.

नैवेद्य उतरवून सगळे चटयांवर खायला बसले. एक अगदी म्हातारी बाई कुणाचा तरी हात धरून आली आणि इनसुकच्या शेजारी टेकली. "ओळखलं नाहीस. फिलसूची आई मी. तुमच्या वरच्या अंगाला राहायचो." तिचे दात गेले होते, त्यामुळे शब्द भिजल्यासारखे येत होते. "रोज बघते तुला. त्या दिवशी सुनेला म्हटलं, लिही गं तिला, माझ्या नावानं काहीतरी लिही. लिहिलं तिनं. पोचलं का?"

इनसुक तिच्याकडे बघत राहिली. "ते तुम्ही लिहिलंत, काकू?"

"लेक बापावर गेली म्हटलं. खोटं आहे का? असं बोलणारं माणूस एकेका गावाच्या नशिबी असतं." तिनं खरोखर कौतुकानं इनसुकच्या मांडीवर थाप मारली. तिच्या तोंडी त्या शब्दाला कुठलाच वाकडा कोपरा नव्हता. तिच्यासाठी डोंगर अजून तिथंच होता आणि पाणी अजून वाहत होतं.

बाजूच्या चटईवर मानहोनं ते ऐकलं. माक्कोलीचे दोनचार वाडगे झाले होते. "नशिबी खरंऽ," तो म्हणाला. "नशिबी होतं म्हणून तर सगळे इथं टेकाडावर बसून खातोय."

"गप रे," म्हातारी म्हणाली.

"मी काय म्हणालो? काहीच नाही म्हणालो."

"हेच. कधीच काही म्हणाला नाहीस. तुझा बापही म्हणाला नाही. माझा नवराही." म्हातारीचा आवाज चढला नाही, तिला तेवढा दमच नव्हता, पण आजूबाजूचे वाडगे खाली टेकले. "बैठकीच्या आदल्या संध्याकाळी चोंगग्यूच्या घरी कोण कोण गेलं होतं? कोंबडी घेऊन गेला होतात ना सगळे? काय म्हणालात? आम्हाला जायचंय, पण आमच्याच्यानं बोलवत नाही, पूर्वजांची थडगी आहेत, म्हातारी माणसं रडतील, तूच बोल. असंच म्हणालात ना? माझा नवरा घरी येऊन म्हणाला, झालं बाई काम, तो बोलणार आहे. आणि निवांत झोपला."

"वहिनी, राहू द्या," चोंगग्यू म्हणाला. तो चटईच्या कडेला बसून नासपती सोलत होता. सालाची एकच लांब पट्टी निघत होती आणि ती त्याला तुटू द्यायची नव्हती.

पाण्यावरून एक होडी गेली. इनसुकला त्या संध्याकाळचा रस्सा आठवला, लसूण घातलेला, आणि सणवार नसताना कोंबडी कशी याचं तिला वाटलेलं नवल. मानहोनं वाडगा उचलला, रिकामा आहे हे बघून परत ठेवला. मग जमिनीकडे बघत तो म्हणाला, "ठाऊक आहे मला. कोंबडी मीच धरली होती. वाटभर चोची मारत होती हाताला."

"मग इतकी वर्षं, काका?" इनसुकच्या तोंडून गेलं.

त्यानं तिच्याकडे बघितलं. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता, लाजही फारशी नव्हती, फक्त तोच थकवा होता जो ती रोज आरशात रंग पुसताना बघे. "गाव बुडाल्यावर कुणावर तरी चिडावं लागतं, पोरी. पाण्यावर कसं चिडणार? वरच्या लोकांवर त्या काळी चिडायची सोय नव्हती. हा होता. हा काही बोलायचा नाही उलटून." मग तो चोंगग्यूकडे न बघता म्हणाला, "एवढा बोलणारा माणूस. एकदा तरी उलटून बोलशील असं वाटत होतं."

चोंगग्यूनं सोललेल्या नासपतीची फोड करून सुरीच्या टोकावर त्याच्यापुढे धरली. मानहोनं एकदा नाही म्हटलं. चोंगग्यूनं पुन्हा धरली. तिसऱ्यांदा त्यानं घेतली.

परतीच्या रस्त्याला तलाव बराच वेळ उजव्या हाताला राहतो. इनसुक गाडी चालवत होती. तिला विचारायचं होतं, पण विचारायचे जे जे शब्द मनात येत ते सगळे आधीच गुळगुळीत होऊन येत, मुलाखतीतल्यासारखे, आणि ती ते टाकून देई. शेवटी तिनं नुसतं म्हटलं, "सांगितलं का नाहीत?"

बापानं कोटाची गुंडी काढली, पुन्हा लावली.

"काय सांगायचं," तो म्हणाला. "कोंबडी घेऊन आले ते खरं. पण... ते म्हणाले म्हणून मी बोललो असं... तसं नव्हतं ते." तो अडखळला. तिनं बापाला कधी अडखळताना ऐकलं नव्हतं. तो बोलणारा होता तेव्हा नाही, गप्प होता तेव्हा तर नाहीच. "मलाच जायचं होतं. त्यांच्यापेक्षा जास्त. तुझी आई त्या खोऱ्याच्या ओलीनं खोकायची. रात्ररात्र. डॉक्टर म्हणजे बसनं दीड... आणि बस नसेल तर... आणि तू. शाळा पुढं नव्हतीच तिथं. मला ते डोंगर... लोक म्हणतात सुंदर. मला अंगावर आल्यासारखे वाटायचे. ते आले आणि म्हणाले तू बोल, तर मला... मला बरं वाटलं. दुसऱ्याचं काम म्हणून आपलं बोलता आलं. म्हणून ते बोलणं तसं झालं. दुसऱ्याचं बोलणं इतकं नसतं गं वाहत. माझं होतं म्हणून वाहिलं."

"मग चुकलं काय त्यात?"

"चुकलं असं नाही. पण म्हातारी माणसं होती ना. ती... ती माझ्या बोलण्याला कबूल झाली. त्यांना वाटलं मी त्यांच्या भल्याचं... आणि मी आपला... ह्योनच्या घरची म्हातारी पुढच्याच थंडीत गेली, शहरातल्या खोलीत. तिला खिडकी नव्हती. मग लग्नात कुणीतरी म्हणालं ते. मला वाटलं, अर्धं खोटं आहे, पण अर्धं... आता अर्धं कसं सांगायचं लोकांना? अर्धं बोलायला मला येतच नव्हतं. सुरू केलं असतं तर सगळं छान झालं असतं. सगळ्यांना पटलं असतं. मलाही." त्यानं काचेवर हात टेकवला. "ते नको होतं."

इनसुकला बोलायचं होतं. त्याला सोडवेल असं एक वाक्य तयार होतं, पूर्ण, नेटकं, ज्यानं ऐकणाऱ्याचे डोळे भरून यावेत असं. तिनं ते गिळलं.

"आणि तुझ्या आईनं," तो म्हणाला, "तिनं कधी विचारलं नाही. तिला माहीत होतं का, कोण जाणे. खोकला थांबला तिचा. इकडं आल्यावर थांबला. एकदा ती म्हणाली... थांब, काय म्हणाली ते... कपडे वाळत घालत होती. नाही, घालत नव्हती, काढत होती..."

तो आठवत राहिला, चुकत राहिला, मागे जाऊन पुन्हा सुरू करत राहिला. घराकडे वळायचा रस्ता समोर आला. इनसुकनं बापाकडे पाहिलं. त्यानंही रस्ता पाहिला होता, पण त्याचं बोलणं थांबलं नव्हतं. तिनं गाडी वळवली नाही.